तूप बंद केलं, पण त्याच्या जागी काय आलं?

यंदा गौरी जेवायच्या दिवशी आई पाटावर बसली ती तिला उठताच येईना. गुडघा दुखत नव्हता, चक्कर आली नव्हती, फक्त पायांत जोरच नव्हता. दोनदा हात टेकून बघितलं तिने, मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अगं, जरा हात दे." शेवटी दादाने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून तिला उभं केलं. वजन किती आईचं, तर ५१ किलो. वय ७२. आणि सदाशिव पेठेतल्या बायका तिला आयुष्यभर सांगत आल्यात की तुम्ही काय बाई अगदी शिडशिडीत, तुम्हाला कसली व्यायामाची गरज. त्या शिडशिडीत बाईला १४ वर्षं डायबेटिस आहे.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर आमच्याकडे जे बोलणं झालं त्याच्यावरून हे लिहायला घेतलंय. बोलणं कसलं, वादच. बाबांचं म्हणणं, मी रोज पहाटे पर्वती चढतो, ती कधी येत नाही, आली असती तर आज ही वेळ आली नसती. दादाचं म्हणणं, सगळा घोळ कार्ब्सचा आहे, भात-पोळी बंद करा आणि तिला चांगलं तूप-लोणी द्या, अंगात ताकद येईल. वहिनी म्हणाली योगासनांचा क्लास लावू. मी म्हणाले तिला ताकदीचा व्यायाम पाहिजे, वजनं उचलायचा. त्यावर बाबा चिडलेच, या वयात वजनं? आणि तूप? माझ्या कोलेस्टेरॉलचं विसरलात का सगळे? आई आत ओट्यापाशी उरलेलं पुरण डब्यात काढत होती. तिला कुणीच काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही, आणि ते मला अजून लागतंय.

बाबांचं कोलेस्टेरॉल हा आमच्या घराचा इतिहास आहे. १९९७ मध्ये, मी एफवायला असताना, त्यांच्या ऑफिसच्या चेकअपमध्ये ते वाढलेलं निघालं. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं तूप बंद, खोबरं बंद, शेंगदाणे बंद. त्याआधी आमच्याकडे रोज साय साठायची, विरजण लागायचं, आठवड्याला लोणी निघायचं आणि तूप कढलं की तळाची बेरी साखर घालून दादाला आणि मला मिळायची. ते सगळं एका दिवसात थांबलं. आईने इतक्या निष्ठेने पाळलं की बाबांना नको म्हणून तिने स्वतःही २५ हून जास्त वर्षं वरणभातावर तुपाचा थेंब घेतला नाही. करडीच्या तेलाचा डबा आला, कारण तेव्हा जाहिराती तशाच होत्या, करडईचं तेल म्हणजे हृदयाला चांगलं.

आता इतक्या वर्षांनी मी मागे वळून बघते तेव्हा मला दिसतं की तूप गेलं ते सगळ्यांनी बघितलं, पण त्याच्या जागी काय आलं ते कुणी बघितलंच नाही. कोरड्या वरणभाताने पोट भरल्यासारखं वाटायचं नाही म्हणून भात वाढला. चारच्या चहाला खारी नाहीतर टोस्ट आले, कारण बिस्किटं 'हलकी' असतात. शेंगदाण्याची चटणी गेली आणि तिथे साखरांबा आला. तेल हृदयाला चांगलं म्हणून फोडणीला हात सैल झाला, पुऱ्या सणापुरत्या राहिल्या नाहीत. आणि खारी त्या काळात कशात बनायची? बहुतेक सगळीकडे वनस्पती तुपात, म्हणजे तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेल्या डालड्यात. त्यातले ट्रान्स फॅट साजूक तुपापेक्षा हृदयाला कितीतरी वाईट, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं कमी करतात. म्हणजे पुढच्या दाराने तूप बाहेर गेलं आणि बेकरीच्या पुड्यातून त्याहून वाईट वस्तू आत आली. अन्नावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी एफएसएसएआयने तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आणली ती २०२२ च्या जानेवारीपासून. आमचा खारीचा काळ त्याच्या किती आधीचा. मला त्याचा आजही राग येतो, कारण आई सांगितलं तसंच तर वागत होती.

दादा दर वेळी एक गोष्ट सांगतो, ती यूट्यूबवर खूप जण सांगतात, की अन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने २२ देशांची आकडेवारी हातात असताना सोयीचे देश उचलले आणि फॅट वाईट असं जगाच्या माथी मारलं. मी ते शोधून वाचलं. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. सहा देशांचा तो ग्राफ १९५३ चा, त्यावर १९५७ मध्ये दोन अभ्यासकांनी २२ देशांचे आकडे मांडून टीका केली, आणि ती टीका रास्तच होती. पण कीजचा सात देशांचा मोठा अभ्यास त्याच्यानंतर, १९५८ मध्ये सुरू झाला, त्यात खरोखरची माणसं वर्षानुवर्षं तपासत राहिले. त्यात ग्रीसचं क्रीट बेट होतं, तिथली माणसं जवळजवळ ४० टक्के कॅलरी फॅटमधून घ्यायची, बहुतेक ऑलिव्हच्या तेलातून, आणि हार्ट अटॅक अगदी कमी. पूर्व फिनलंडमध्ये लोणी-दूध भरपूर आणि हृदयविकारही भरपूर. म्हणजे कीजसुद्धा सगळं फॅट वाईट असं म्हणत नव्हता, कुठलं फॅट खाताय ते बघा म्हणत होता. हे सगळं फिरत फिरत आमच्या पेठेत पोचेपर्यंत त्यातलं फक्त 'तूप बंद' तेवढं शिल्लक राहिलं.

आणि नंतरच्या अभ्यासांतून जे निघालंय ते मला सगळ्यात जास्त पटलं. तूप-लोण्यासारखं सॅच्युरेटेड फॅट कमी करून त्याच्या जागी तेलबिया, दाणे, अक्रोड, मासे, साधी तेलं यांतलं फॅट आणलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं आणि हृदयविकाराचा धोकाही कमी होतो. पण त्याच जागी मैदा आणि साखर आली तर फायदा काहीच नाही, उलट ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात आणि चांगलं एचडीएल खाली येतं. आईचे जुने रिपोर्ट मी फाइलमधून काढून एका ओळीत लावले तर अगदी हेच दिसलं, टोटल कोलेस्टेरॉल ठीकठाक, ट्रायग्लिसराइड्स दर वर्षी चढते, एचडीएल कधी ४० च्या वर नाही. २०१७ मध्ये प्युअर नावाचा १८ देशांचा अभ्यास आला होता, १ लाख ३५ हजारांवर माणसं, भारतातलीसुद्धा, त्यातही सगळ्यात जास्त कार्ब्स खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. दादा तो मला फॉरवर्ड करत असतो. त्यात एक अडचण अशी की नुसत्या भातावर नाहीतर ब्रेडवर जगणारा माणूस बऱ्याचदा गरीब असतो, त्याला डाळ, फळं, दवाखाना काहीच धड मिळत नाही, मग दोष भाताचा किती आणि गरिबीचा किती हे वेगळं काढणं अवघड आहे. म्हणून 'तूप खा, भात सोडा' एवढं त्यातून निघत नाही.

आईसारख्या बारीक माणसाला डायबेटिस का होतो याचं उत्तर तर पुण्यातच बसलेलं होतं आणि मला ते इतक्या उशिरा कळलं. आपल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची, पण आपली बाळं जी लहान असतात ती स्नायूंनी कमी असतात, चरबी मात्र जवळजवळ तेवढीच राखून असतात. बारीक दिसणारी पण आतून चरबीची. आणि २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी लॅन्सेटमध्ये आपला दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हे वाचलं त्या दिवशी मी ऑफिसमधून घरी फोन करून बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे वजनकाटा आपल्याला फसवत होता."

जेवल्यावर रक्तात जी साखर येते ती शोषून घ्यायचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. कोठारच लहान असेल तर साखर जाणार कुठे? आणि चाळिशीनंतर ते कोठार दर वर्षी थोडं थोडं आटतं, बायकांचं पाळी गेल्यावर आणखीच. आईच्या बाबतीत भात वाढला, डाळ-दाण्याचं प्रोटीन कमी झालं, आणि स्नायूंना काम म्हणून नव्हतंच. तिचं म्हणणं असायचं की मी दिवसभर घरात उभी असते, तोच माझा व्यायाम. ती खरंच राबली, त्यात शंकाच नाही, पण उभं राहणं आणि पाय दमेपर्यंत जोर लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी खाली बसून भाजी चिरायची, विळीवर बसणं-उठणं व्हायचं, कपडे दगडावर धुवायची. ओटा आला, डायनिंग टेबल आलं, वॉशिंग मशिन आलं. तिच्या कंबरेला आराम मिळाला ते चांगलंच झालं, पण दिवसातून ३०-४० वेळा जमिनीवरून उठायचा जो व्यायाम होता तो गेला, आणि त्याच्या जागीही काही आलं नाही.

चालण्याबद्दल मला वाईट बोलायचं नाहीये. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरची तुलना केली होती, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा डबलडेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी दिसला, व्यायाम आणि हृदय यांचं नातं दाखवणारा तो पहिला मोठा अभ्यास. मला त्यातलं पुढचं जास्त आवडलं, त्यांनी स्वतःच नंतर युनिफॉर्मच्या पँटींची मापं काढली आणि दिसलं की ड्रायव्हरांची कंबर नोकरीला लागतानाच जास्त होती. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, आणि हे त्यांनी स्वतः सांगितलं. असा प्रामाणिकपणा आजच्या फिटनेसच्या व्हिडिओंत मला दिसत नाही. पण नंतर इतक्या ठिकाणी तेच आढळलं की हालचाल हृदयाला चांगली यावर आता कुणाचं दुमत नाही.

बाबांचंच बघा ना. वय ७७, पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढतात, बीपी छान, अजून दम लागत नाही. भाचीने त्यांना तो पावलं मोजायचा मनगटावरचा बँड दिला तेव्हापासून मात्र १० हजार पावलांचं वेड लागलंय, रात्री साडेनऊला आठ हजार झाले असतील तर गॅलरीत येरझाऱ्या घालतात आणि झोपायला उशीर करतात. मी त्यांना सांगितलं की १० हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरांनी शोधलेला नाही, १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. साठीनंतर ६ ते ८ हजारांपर्यंतच बहुतेक फायदा मिळून जातो असं आता दिसतंय. आणि जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्याच पुढच्या ओळीत आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करायचा व्यायाम सांगितलाय, आणि ६५ च्या पुढच्यांना तोल सांभाळायचा आणि ताकदीचा व्यायाम तीन दिवस, ही ओळ मात्र कुणी वाचतच नाही. तळजाईच्या टेकडीवर सकाळी सहाला बघा, शेकडो माणसं चालतायत, त्यातली किती जणं दंड काढतात?

वजनं म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं जिममधल्या दंडावर टॅटूवाल्या मुलांचं चित्र डोळ्यासमोर आणतात. पण हे आपल्याकडे नवीन आहे का? पुण्यात गल्लोगल्ली तालमी होत्या, अजून आहेत काही. टिळक रोडचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासूनचं. बाबा स्वतः लग्नाआधी पेठेतल्या तालमीत जोर-बैठका काढायचे, ५० जोर आणि १०० बैठका, हे त्यांनीच सांगितलंय आम्हाला. मी त्यांना म्हटलं, बाबा, बैठक म्हणजे स्क्वॉट आणि जोर म्हणजे पुशअप, तुम्ही जे करत होता तेच मी आईसाठी मागतेय. त्यानंतर त्यांचा विरोध मावळला. शब्द आपला असला की माणूस ऐकतो.

मग आईला एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेलो. त्या बाईंनी पहिल्यांदा आईलाच विचारलं, तुम्हाला काय करता यायला हवंय? आई म्हणाली, "मला देवासमोर बसून आपलं आपण उठता यायला पाहिजे." एवढंच. सुरुवात खुर्चीवरून हात न लावता उठण्यापासून, आणि खुर्चीवर जाड उशी ठेवून, कारण साध्या खुर्चीवरून चार वेळासुद्धा जमत नव्हतं. भिंतीला हात लावून जोर. पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या उचलणं. ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहणं. आठवड्यातून तीन दिवस, २० मिनिटं. बाबा समोर बसून मोजतात. आता उशी गेली, दहा दहाचे दोन सेट होतात आणि बाटल्या एक लिटरच्या झाल्यात. सोबत संध्याकाळचं चालणं आहेच, जेवणानंतर १५ मिनिटं, ते साखरेसाठी.

जेवणात आम्ही काय केलं तर भात बंद केला नाही, एक मूद ठेवली. त्यावर एक चमचा साजूक तूप परत आलं, २५ हून जास्त वर्षांनी. पहिल्या दिवशी तिने तो घास घेतला आणि काही बोललीच नाही, नुसती जेवत राहिली. एक चमचा म्हणजे ५ ग्रॅम, ४५ कॅलरी, त्यात सॅच्युरेटेड साधारण ३ ग्रॅम, तिच्या दिवसाच्या हिशोबात ते आरामात बसतं. कमी झालेल्या भाताच्या जागी मटकीची नाहीतर मुगाची उसळ, दोन्ही वेळेला दही, जवसाची आणि दाण्याची चटणी. खारी बंद. आणि तेल मोजायला घेतलं, जे मी सगळ्यांना आधी करायला सांगेन. आमच्या आत्ताच्या डॉक्टरांनी माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगितलंय, दिवसाला जेमतेम तीन चमचे. आमच्या चार माणसांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिना पुरत नव्हता! तुपाच्या एका चमच्यावर आम्ही इतकी वर्षं भांडत होतो आणि तेल दुपटीपेक्षा जास्त जात होतं. आता कोपऱ्याकोपऱ्यावर लाकडी घाणे निघालेत, घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास खरंच सुंदर असतो, आम्हीही तेच आणतो, पण घाण्याचं झालं तरी एका ग्रॅमला ९ कॅलरी त्या आहेतच. बाबांचं तूप मात्र सुरू केलं नाही, त्यांना नकोच आहे, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीवर त्यांचं एलडीएल ८० च्या आसपास आहे आणि त्यांचं सगळं नीट चाललंय.

आईचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.१ होतं ते ७.४ आलं, गोळ्या त्याच. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी ती पूजेला पाटावर बसली, आरती झाली, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि उठली. मी निरांजन हातात घेऊन तशीच उभी राहिले होते.

आता काळजी आहे ती दादाची. तो ५२ चा. दोन वर्षांपूर्वी पोट सुटलं होतं, शुगर काठावर होती, त्याने पळायला सुरुवात केली, कार्ब्स जवळजवळ सोडले, ९ किलो कमी केले. त्याच्या जिद्दीचं मला मनापासून कौतुक आहे, सिंहगडावर आतकरवाडीतून तो माझ्या अर्ध्या वेळात चढतो. शुगर नॉर्मल झाली, ट्रायग्लिसराइड्स खाली आले, हे सगळं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण रोज कॉफीत दोन मोठे चमचे तूप, वर खोबरेल तेल, तीन-चार अंडी, चीज, यात एलडीएल १२८ चं १८४ झालंय. तो म्हणतो एलडीएल ही जुनी थिअरी आहे, ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल चांगलं असलं की बास. मला हे पटत नाही. ज्यांना जन्मतःच जनुकांमुळे एलडीएल जास्त असतं त्यांना ऐन तरुणपणी अटॅक येतात, ज्यांना जन्मतः कमी असतं त्यांना आयुष्यभर धोका कमी राहतो, आणि औषधांनी ते उतरवलं की अटॅक कमी होतात. तीन वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलेली गोष्ट आहे ही, आणि २१ किलोमीटर पळण्याने ती खोटी ठरत नाही. पळणारी माणसंही जातात. मी त्याला भात परत सुरू कर असं म्हणतच नाहीये. कार्ब्स कमीच ठेव, पण कॉफीतलं तूप काढ आणि त्याच्या जागी मूठभर दाणे, अक्रोड, बांगडा, असं काहीतरी आण, आणि तीन महिन्यांनी परत तपास.

गेल्या रविवारी हे सगळं मी त्याला शांतपणे सांगितलं, पहिल्यांदाच न भांडता. तो बराच वेळ काही बोलला नाही. आई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "अरे, मी २५ हून जास्त वर्षं एकाचं ऐकून तूप सोडलं, तू दुसऱ्याचं ऐकून वाटीभर प्यायला लागलास. तुझा स्वतःचा रिपोर्ट काय म्हणतो ते बघ की." त्यावर तो तयार झाला. कॉफीतलं तूप त्या दिवसापासून बंद आहे असं वहिनी सांगते. आत्ताचा आकडा नक्की कळावा म्हणून शनिवारी सकाळी साडेसातची वेळ घेतलीये, लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं अपोबी, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचं माप, दोन्ही. मी त्याला न्यायला जाणार आहे.